बुधवारचा बिघाड

बोरतळ्याच्या ग्रामीण रुग्णालयातलं नेटवर्क फक्त बुधवारी बंद पडायचं. सोमवारी, मंगळवारी, शुक्रवारी काही तक्रार नसायची. बुधवारी सकाळी नीट चालायचं, दुपारच्या आत मान टाकायचं आणि मग संध्याकाळपर्यंत त्याचं चालू-बंद, चालू-बंद. आणि नेमकं बुधवारीच तिथं दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर असायचं.

त्या दिवशी नगरहून हाडांचे, डोळ्यांचे, कानांचे डॉक्टर जीपने यायचे. आसपासच्या गावांतून लोक कुबड्या टेकत, कुणाच्या तरी पाठुंगळी बसून, टेम्पोत आडवे पडून यायचे. खिडकीवर नाव घालायचं, मशीनवर अंगठा द्यायचा, मग डॉक्टरांनी तपासून तिथल्या तिथं ऑनलाइन टक्केवारी भरायची, अशी पद्धत होती. नेटवर्क गेलं की अंगठा लागत नसे, आणि अंगठा लागला नाही की डॉक्टरांनी तपासूनही उपयोग नसे. दुपारी डॉक्टर जीपमध्ये बसून परत जायचे. लोकांनी पुढच्या बुधवारी यायचं.

खिडकीवर अंगद बसायचा. कंत्राटी डेटा ऑपरेटर, तिशीच्या आतबाहेरचा, बोलायला अगदी मऊ. शिव्या त्याला पडायच्या. एकदा कुणीतरी पाण्याची भरलेली बाटली जाळीवरून फेकली. ती कपाळाला लागली. त्यानं रुमालाने कपाळ दाबलं आणि पुढच्या माणसाला, मागच्या सगळ्यांना सांगितलं होतं तेच सांगितलं, "नेट गेलंय, दादा. तक्रार टाकलीय."

ती तक्रार नगरच्या एका कंपनीकडे जायची. जिल्ह्यातल्या सरकारी कचेऱ्यांचं नेटवर्क सांभाळायचं कंत्राट त्या कंपनीकडे होतं, आणि कर्जत-जामखेडकडच्या तक्रारी दिशाच्या वाट्याला यायच्या. दिशा मिरजगावची. घरची कोरडवाहू शेती, बाप भिमाजी तूर आणि ज्वारी करणारा. इंजिनिअरिंग करून ती पुण्याला न जाता इथंच स्कूटरवरून फिरत राहिली होती. तिच्या नाकावर राग असतो असं घरात सगळे म्हणत, आणि ते खरं होतं. पण तिचा राग बहुतेक वेळा मशीनवर असायचा. माणसांवर चिडायची वेळ त्या उन्हाळ्यात आली.

तक्रार बुधवारी दुपारी पडायची. कंपनीतून काम वाटून मिळायला संध्याकाळ व्हायची. म्हणून दिशा बोरतळ्याला पोचायची ती गुरुवारी. गुरुवारी सगळं झकास. जिन्याखालच्या खोलीत भिंतीला लोखंडी रॅक, रॅकमध्ये नेटवर्कचा स्विच, राउटर, खाली यूपीएस. सगळे दिवे हिरवे. हॉस्पिटलमधल्या सगळ्या वायरी त्या खोलीत येऊन स्विचला जोडलेल्या होत्या. स्विच झोपला की नोंदणी, लॅब, औषधखिडकी, अंगठ्याचं मशीन, सगळं एकदम झोपायचं.

पहिल्या खेपेला तिनं वीजपुरवठ्याची वायर बदलली. दुसऱ्या खेपेला यूपीएसची बॅटरी. मग कंपनीशी भांडून नवा कोरा स्विच आणला आणि बसवला. पुढच्या बुधवारी नवा स्विचही पडला.

त्या गुरुवारी रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. पुष्पावती शेवाळे यांनी दिशाला केबिनमध्ये बोलावलं. पन्नाशी ओलांडलेल्या, थकलेल्या चेहऱ्याच्या बाई. दार लोटून घेत म्हणाल्या, "मशीन बुधवार-गुरुवार ओळखतं का हो? बुधवारी गर्दी असते, काम जास्त असतं. तो मुलगाच वायर काढत असणार. मी त्याला नोटीस दिलीय. वरून विचारणा आली की मला काहीतरी उत्तर द्यावंच लागतं."

दिशाला ते पटलं नाही, आणि थोडं पटलंही. बाहेर येऊन तिनं अंगदला सरळ विचारलं, "खरं सांगा. तुम्ही वायर काढता का?"

 अंगदच्या कपाळावरचं टेंगूळ अजून उतरलं नव्हतं. "मॅडम, त्या खोलीला कुलूप असतं," तो म्हणाला. "किल्ली शिपायाकडं असते. आणि वायर काढून मला काय मिळणार? हे?" त्यानं टेंगळावर बोट ठेवलं.

दिशाला स्वतःची लाज वाटली. स्कूटरवर बसून घरी जाताना ती लाज हळूहळू रागात बदलली. मशीन वार ओळखत नाही हे तिला डॉक्टरीणबाईंनी शिकवायला नको होतं. काहीतरी बुधवारीच घडत होतं आणि ते गुरुवारी सापडणं शक्य नव्हतं.

शिवाय पुरावा दर वेळी पुसला जात होता. स्विच आपल्याला काय होतंय ते आपल्याच मेमरीत लिहून ठेवतो, पण वीज काढली की ते सगळं जातं. आणि कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला की पलीकडून एकच सल्ला मिळायचा: बंद करून चालू करा. अंगद इमानदारीने शिपायाला बोलवायचा, कुलूप काढायला लावायचा आणि बंद करून चालू करायचा. म्हणजे रोग्यानं कण्हून काही सांगायला तोंड उघडलं की त्याचं तोंड दाबायचं, असा प्रकार चालला होता.

शुक्रवारी ती पुन्हा आली, कुणी न बोलावता. स्विचनं आपली हकिकत स्वतःकडे न ठेवता अंगदच्या कॉम्प्युटरवर पाठवत राहावी, तापमानासकट, अशी व्यवस्था तिनं केली. "आता काहीही झालं तरी हे पुसलं जाणार नाही," तिनं अंगदला सांगितलं. त्यानं मान हलवली. त्याच्या नोटिशीला उत्तर द्यायची मुदत जवळ आली होती.

पुढच्या बुधवारी नेटवर्क पडलं. गुरुवारी सकाळी दिशा अंगदच्या खुर्चीत बसून आकडे वाचत होती. सोमवार, मंगळवार, तापमानाची रेघ जवळपास सपाट. बुधवारी सकाळी शिबिराची तयारी सुरू होते त्या सुमाराला रेघ वर सरकायला लागली होती, आणि मग थांबलीच नव्हती. शेवटी स्विचनं धोक्याची ओळ लिहून स्वतःला बंद केलं होतं. थोडा निवला की चालू, पुन्हा तापला की बंद. संध्याकाळी रेघ आपोआप खाली आली होती.

"ह्याला ताप येतोय," ती म्हणाली. "फक्त बुधवारी."

"मग मी नाही ना, मॅडम?" अंगदनं विचारलं. एवढंच. त्याचा आवाज असा होता की दिशाला टेबलावर मूठ आपटावीशी वाटली.

तिनं तिथूनच तिच्या वरिष्ठांना, कल्याण सरांना, फोन लावला. पुढच्या बुधवारी मला बोरतळ्यातच थांबायचं आहे, असं सांगितलं. ते म्हणाले, "तक्रार पडायच्या आधी माणूस पाठवता येत नाही, दिशा. सिस्टीमच घेत नाही. आणि उन्हाळा आहे. गरम होणारच. उष्णतेमुळे झालं असं लिही आणि बंद कर विषय."

"उन्हाळा गुरुवारी नसतो का, सर?" तिनं विचारलं. फोन कट झाला.

बुधवारी ती गेली. कर्जतच्या कामावरून निघायला उशीर झाला आणि ती पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नेहमीसारखी ती मागच्या फाटकातून आत शिरली, कारण स्कूटर तिकडेच लागायची. व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडकीसमोर आरडाओरडा चालला होता. नेटवर्क गेलेलं होतं.

तिच्या पाठीवरची बॅग आणि गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र बघून एक बाई गर्दीतून पुढे आली. उंच, उन्हानं रापलेली, पदर कमरेला खोचलेला. "तूच का ती नेटवाली?" तिनं विचारलं. "आमी तिसऱ्यांदा आलोय. जीपवाला फुकट आनतो व्हय? ह्यांचा पाय ट्रॉलीखाली गेला, गुडघ्यापास्नं कापला. पाय न्हाई हे दिसायला कॉम्प्युटर लागतो व्हय तुमाला?"

मागे पायरीवर तिचा नवरा बसला होता. दोन्ही कुबड्या मांडीवर आडव्या. त्यानं बायकोला गप्प केलं नाही. दिशाकडे फक्त पाहिलं, आणि ते पाहणं बायकोच्या बोलण्यापेक्षा कडक होतं. बाईचं नाव लंकाबाई, त्याचं गहिनीनाथ. दोघं दरवर्षी ऊसतोडीला जायचे. यंदा तो फडातून असा परत आला होता.

"मावशी, मी तेच बघायला आलेय," दिशा म्हणाली.

"बघ मंग. बघायला तर सगळेच येत्यात."

शिपायानं जिन्याखालच्या खोलीचं कुलूप काढलं आणि दार उघडताच भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ अंगावर आली. शिपाई मागे सरला. स्विचच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसत होता. तिनं त्याचं पोट तपासलं. आतला छोटा पंखा फिरत होता. जाळीत धूळ नव्हती, तिनंच साफ केली होती. वर, छताजवळ, भिंतीत झरोका होता आणि त्यात गरम हवा बाहेर फेकणारा पंखा. तोही फिरत होता, जोरात, आवाज करत. कुलूपबंद खोलीसाठी तो मुद्दाम बसवलेला होता. मग हवा जात कुठं होती?

तिनं नोंदणीच्या खोलीतल्या गणपतीच्या फोटोपुढची पेटती उदबत्ती उचलून आणली. अंगद दारात येऊन उभा राहिला. स्टुलावर चढून तिनं उदबत्ती पंख्याजवळ धरली. धूर पंख्याकडे ओढला गेला, पात्यांतून पलीकडे शिरला आणि कडेच्या फटीतून वळून परत आत आला. तिनं उदबत्ती दुसऱ्या बाजूला धरली. तेच. पंखा सकाळपासून तीच हवा गोल गोल फिरवत होता.

"ह्या भिंतीच्या पलीकडं काय आहे?"

"पुढचं अंगण. मेन गेट," अंगद म्हणाला.

ती व्हरांड्यातून गर्दी कापत पुढच्या बाजूला गेली. आजवर ती या बाजूनं बुधवारी कधी आलीच नव्हती. गच्चीच्या पाइपापासून खिडकीच्या गजांपर्यंत सगळी भिंत झाकणारा फ्लेक्स ताणून बांधला होता. भव्य दिव्यांग प्रमाणपत्र शिबिर. एका कोपऱ्यात व्हीलचेअरचं छोटं चित्र आणि बाकी सगळा फ्लेक्स भरून तालुक्याचे पुढारी, सगळ्यांचे साहेब, हात जोडलेले, मागे त्यांच्या माणसांच्या चेहऱ्यांच्या रांगा. साहेबांच्या उजव्या गालाशी फ्लेक्स फुगला होता आणि थरथरत होता. बरोबर तिथं मागे झरोका होता.

 बदललेली बॅटरी, बदललेला स्विच, अंगदची नोटीस, त्याच्या कपाळावरची बाटली, लंकाबाईच्या तीन खेपा, सगळं त्या फुगलेल्या गालामागं होतं.

फ्लेक्सखाली खुर्ची टाकून एक माणूस बसला होता. पांढरा शर्ट, कानाला फोन. तालुक्यातल्या साहेबांच्या कार्यक्रमांचे फ्लेक्स लावायचं आणि काढायचं काम त्याच्याकडे असायचं. संध्याकाळी हा फ्लेक्स गुंडाळून तो दुसरीकडच्या शिबिराला न्यायचा. कानिफनाथ त्याचं नाव.

"हा फ्लेक्स काढा," दिशा म्हणाली.

त्यानं फोन खाली घेतला. "काय?"

"ह्याच्यामागं झरोका आहे. आतली गरम हवा बाहेर पडत नाही. म्हणून मशीन बंद पडतंय. दर बुधवारी."

"मॅडम, फ्लेक्सला हात लावायचा न्हाई. साहेब येनार हायेत. फोटो इथंच व्हायचा हाय."

"मग दुसऱ्या भिंतीला बांधा."

"दुसरी भिंत गेटातनं दिसत न्हाई. मशीनच हलवा की तुमचं."

"सगळ्या हॉस्पिटलच्या वायरी भिंतीतून त्या खोलीत येतात. त्या हलवायच्या आणि तुमच्या चार दोऱ्या हलवायच्या नाहीत?"

आवाज ऐकून डॉ. पुष्पावती बाहेर आल्या. दिशानं त्यांना झरोका दाखवला, फुगलेला गाल दाखवला. त्यांना कळायला वेळ लागला नाही. त्या कानिफनाथला म्हणाल्या, "जरा बाजूला घेता येईल का? तासाभरासाठी."

"मॅडम, तुमीच साहेबांना फोन लावून सांगा मंग. मी न्हाई सांगनार."

बाईंच्या हातात फोन होता. त्यांनी फोनकडे पाहिलं. लावला नाही. तेवढ्यात मागून जीप सुरू झाल्याचा आवाज आला. नगरचे डॉक्टर आत बसले होते.

लंकाबाई तिथंच होती. ती पळाली नाही, ओरडली नाही. सरळ चालत गेटात गेली आणि जीपच्या तोंडापुढं मातीत बसली. गहिनीनाथ कुबड्यांवर उड्या घेत मागोमाग गेला आणि बायकोशेजारी बसला. कुबडी त्यानं चाकाला टेकवून ठेवली. मग आणखी एक म्हातारा गेला, पाठीवर लेकीला घेतलेली एक बाई गेली.

हाडांचे डॉक्टर उतरले. "अहो, नगरला माझे पेशंट थांबलेत," ते वैतागून म्हणाले. "दर बुधवारी हेच. नेट येणार, नेट येणार!"

"आमी बी दर बुधवारी तेच ऐकतोय," लंकाबाई म्हणाली. "घाला गाडी अंगावरनं. लगेच सट्टिफिकेट मिळंल."

दिशानं बॅगेतून वायर कापायचं कटर काढलं. कानिफनाथ उठून आडवा झाला. "हात लावायचा न्हाई सांगितलं ना!"

"बाजूला व्हा."

"बाईमानूस हाय म्हनून गप हाय मी."

"मी नाहीये गप," दिशा म्हणाली.  "आत एक माणूस वायर काढतो म्हणून नोटीस घेऊन बसलाय. गेटात पाय तुटलेली माणसं मातीत बसलीत. आणि तुम्ही मला गाल सांभाळायला सांगताय!"

तिनं खिडकीच्या गजावरची दोरी तोडली. दुसरी तोडली. फ्लेक्सचं खालचं टोक सुटलं, वाऱ्यानं उलटं झालं, पण वरून तो तसाच लटकत होता. मग गच्चीवर कुणीतरी दिसलं. अंगद होता. खिडकी सोडून तो कधी वर गेला ते कुणाला कळलंच नव्हतं. त्यानं पाइपाच्या गाठी सोडल्या आणि आख्खा फ्लेक्स सळसळत खाली कोसळला.

झरोक्यातून हवेचा लोट बाहेर आला. भिंतीजवळ उभ्या असलेल्या बायांनी तोंडावर पदर घेतले.

"अर्धा तास द्या," दिशानं डॉक्टरांना सांगितलं. "लगेच चालू केलं तर पुन्हा पडेल. निवू द्या."

डॉक्टर गेटातल्या लोकांकडे आणि मातीतल्या कुबडीकडे पाहत राहिले. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बंद कर गाडी." लिंबाखाली खुर्ची मागवून घेतली आणि म्हणाले, "नेट येईपर्यंत तपासून तर घेतो. तुम्ही या आधी." गहिनीनाथनं कुबडी चाकापासून काढली.

जिन्याखालच्या खोलीचं दार उघडं ठेवून दिशा तापमानाचा आकडा बघत बसली. आकडा हळूहळू उतरला. दिवे एकेक करून हिरवे झाले. खिडकीवरून अंगदची हाक आली, "गहिनीनाथ... या, अंगठा द्या." त्या दिवशी रांग संपेपर्यंत नेटवर्क एकदाही गेलं नाही. साहेब मात्र आलेच नाहीत. त्यांना दुसरीकडे कार्यक्रम होता.

संध्याकाळपर्यंत फ्लेक्स पडतानाचा व्हिडिओ तालुकाभर फिरला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, साहेबांचा अपमान सहन केला जाणार नाही. व्हिडिओत कटर घेतलेली दिशा दिसत होती. गच्चीवरचा अंगद चौकटीबाहेर राहिला होता.

दुसऱ्या दिवशी कल्याण सरांनी तिला नगरच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर माफीचा मजकूर तयार होता. "सही कर. दोन ओळी आहेत," ते म्हणाले. "सरकारी कंत्राट आहे, दिशा. उद्या नूतनीकरण आहे. तुझ्या दोन मिनिटांच्या रागापायी पंचवीस माणसांच्या नोकऱ्या घालवू का?"

"राग दोन मिनिटांचा नाही, सर. गेले किती बुधवार मी चुकीची औषधं देत होते. आणि तुमचं मदतकेंद्र आजार पुसून टाकत होतं."

"बरं, मग अहवालात तरी फ्लेक्स लिहू नको. वाढत्या उष्णतेमुळे उपकरण बंद, एवढं लिही."

"मग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा बांधतील."

"बांधू दे!" सरांचा आवाज चढला. "आपलं काम मशीन चालू करायचं आहे. गाव सुधारायचं नाही."

दिशानं माफीवर सही केली नाही. अहवालात कारणाच्या जागी तिनं लिहिलं: झरोक्यावर बांधलेला फ्लेक्स. सरांनी तो अहवाल बाजूला ठेवला आणि स्वतः दुसरा लिहून पाठवला. आठवडा संपायच्या आत तिला अकोले तालुक्याचा भाग मिळाला. जिल्ह्याचं दुसरं टोक. मिरजगावहून रोज जाणं-येणं शक्यच नव्हतं. तिथं खोली बघावी लागणार होती. घरी भिमाजी म्हणाला, "सही केली असती तर काय बिघडलं असतं गं?" ती बापाशी दोन दिवस बोलली नाही.

जायच्या आधीच्या बुधवारी तिनं रजा टाकली आणि बोरतळ्याला गेली. या खेपेला मुद्दाम पुढच्या गेटातून. फ्लेक्स होता. तोच, दोऱ्या नव्या. पण आता तो कंपाउंडच्या भिंतीला बांधला होता आणि झरोका उघडा होता. व्हरांड्यात गर्दी होती, खिडकीवर भांडणही चालू होतं, पण ते रांगेत घुसलेल्या कुणावरून होतं. नेटवर्क चालू होतं.

ती सरळ डॉ. पुष्पावतींच्या केबिनमध्ये गेली. बाईंनी तिला बघून घंटी वाजवली आणि चहा सांगितला.

"अंगदच्या नोटिशीचं काय झालं?" दिशानं विचारलं.

"प्रक्रिया चालू आहे. वरून विचारणा झाली होती, वरूनच..."

"नोटिशीवर सही तुमची आहे. मी वाचलीय."

"बसा तर खरं. चहा घ्या."

"चहा नको मला. तो वायर काढत नव्हता हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. फ्लेक्स पाहिला, फुगलेला पाहिला. आणि हातात फोन असून लावला नाही. साहेबांना एका वाक्यात सांगायचं होतं तुम्हाला, आणि तुम्ही..."

"तुला काय वाटतं, मला राग येत नाही?" बाई एकदम उभ्या राहिल्या. खुर्ची मागच्या कपाटावर आदळली. "इथं प्रसूतीच्या खोलीला पाणी नाही म्हणून मी किती पत्रं लिहिली! मागं एकदा ह्याच साहेबांना मी नाही म्हटलं होतं. तर दीड वर्ष माझी एक परिचारिकेची जागा भरली नाही कुणी. रात्री बायका बाळंत होतात तेव्हा मी एकटी असते इथं. तू कटर काढलंस आणि निघून गेलीस. मला इथं राहायचंय. आणि तो फ्लेक्स कंपाउंडला बांधायला कुणी लावला? आपोआप गेला तिकडं?"

  शिपाई चहा घेऊन दारात आला, आतली हवा बघून तसाच मागे फिरला.

"तुम्ही लावला?" दिशानं विचारलं.

"मी गेटात उभी राहून लावला. तुझ्यासारखा व्हिडिओ नाही निघाला माझा."

"मग नोटीसही काढा. तेवढंच राहिलंय."

बाईंनी तिच्याकडे रागानं पाहिलं, खुर्ची ओढली, बसल्या आणि कागद घेतला. पेन इतकं दाबून चालवत होत्या की कागदाखालच्या काचेवर आवाज होत होता. सही केली, शिक्का मारला, कागद दिशापुढं ढकलला. "जाताना देऊन जा त्याला. आणि दार लावून घे."

खिडकीपाशी अंगदनं एका हातानं कागद घेतला, दुसरा हात कीबोर्डवरच होता. तो खूश होईल अशी दिशाची अपेक्षा होती. त्यानं कागद वाचला. पुन्हा वाचला. त्याचे कान लाल झाले.

"समज देऊन," तो म्हणाला.

"काय?"

"हे बघा. 'सदर कर्मचाऱ्यास समज देऊन नोटीस मागे घेण्यात येत आहे.' कसली समज? मी काय केलं म्हणून समज?" त्याचा आवाज चढत गेला. रांगेतले लोक वाकून बघायला लागले. इतक्या दिवसांत त्यांनी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "बाटली खाल्ली, शिव्या खाल्ल्या, आणि वर समज? हे दोन शब्द माझ्या फायलीत जन्मभर राहणार, मॅडम!"

"जन्मभर राहणार," दिशा म्हणाली.

अंगद उठला. खुर्ची मागे सारली. "पाच मिनिटं थांबा," त्यानं रांगेला सांगितलं आणि कागद मुठीत धरून केबिनकडे निघाला. चालताना त्याचा खांदा दाराच्या चौकटीला आपटला, पण त्यानं मागे पाहिलं नाही. थोड्या वेळानं केबिनमधून त्याचा आवाज बाहेर ऐकू यायला लागला, आणि मग बाईंचाही.

खिडकीपुढं काठी टेकून उभा असलेला म्हातारा हातातले कागद पुढं करून तसाच थांबला होता. दिशानं पाठीवरची बॅग काढून टेबलाखाली ठेवली, अंगदच्या खुर्चीत बसली आणि जाळीतून हात पुढं केला.

"द्या बाबा. नाव सांगा."